केंद्राचा कायदा, राज्याचा कायदा : वरचढ कोणता आणि कुठपर्यंत?

केंद्र आणि राज्य यांच्या कायद्यांत विरोध आला तर कोणाचे चालते, या विषयावर वाचकांकडून बरेच प्रश्न आले आहेत. विद्यार्थी, भाडेकरू, बैलगाडामालक आणि परदेशात राहणारे मराठी वाचक अशा सर्वांनी ते विचारले आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. ही उत्तरे विषय समजून घेण्यापुरती आहेत. ज्यांचे प्रकरण न्यायालयात चालू आहे त्यांनी आपल्या वकिलांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : केंद्र सरकार राज्यापेक्षा वरचे असल्यामुळे संसदेचा कायदा आला की राज्याचा कायदा आपोआप रद्द होतो, असे आम्ही ऐकत आलो आहोत. हे बरोबर आहे का? (एक विधी विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : हे अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. संविधानाने कायदे करण्याचे विषय सातव्या अनुसूचीत तीन सूच्यांमध्ये वाटून दिले आहेत. संघ सूचीतील विषयांवर फक्त संसदेला कायदा करता येतो, राज्य सूचीतील विषयांवर सामान्यतः फक्त राज्याच्या विधानमंडळाला, आणि समवर्ती सूचीतील विषयांवर दोघांनाही. मूळ संविधानात या सूच्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. पुढे घटनादुरुस्त्यांमुळे त्यांत फेरफार झाले. त्यांतला सर्वांत मोठा फेरफार १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने केला. शिक्षण, वने, वन्य प्राणी व पक्ष्यांचे संरक्षण हे विषय तिने राज्य सूचीतून काढून समवर्ती सूचीत घातले.

म्हणून दोन कायद्यांत विरोध दिसला की पहिला प्रश्न विचारायचा तो असा : हा विषय मुळात कोणाच्या अधिकारातला आहे? राज्याने संघ सूचीतील विषयावर कायदा केला असेल, तर तो अधिकाराबाहेरचा म्हणून पडतो. संसदेने राज्य सूचीतील विषयावर कायदा केला, तर तोही त्याच कारणाने पडू शकतो. तिथे केंद्राचा मोठेपणा कामाला येत नाही. दोघांनाही अधिकार असलेल्या समवर्ती क्षेत्रात मात्र अनुच्छेद २५४ लागू होतो. त्याच्या पहिल्या खंडानुसार संसदेचा कायदा आधीचा असो वा नंतरचा, तोच प्रभावी ठरतो आणि राज्याचा कायदा विरोधापुरता शून्य होतो. ‘विरोधापुरता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. राज्याच्या कायद्यातील दोन कलमे केंद्रीय कायद्याशी भिडत असतील आणि उरलेली कलमे स्वतंत्रपणे उभी राहू शकत असतील, तर ती उभीच राहतात.

प्रत्यक्षात पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो, कारण एकाच कायद्याची कलमे दोन सूच्यांना स्पर्श करू शकतात. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, म्हणजे मोक्कात, गुन्हेगारांचे दूरध्वनी संभाषण ऐकण्यास परवानगी देणारी कलमे आहेत. टपाल, तार, दूरध्वनी हे विषय संघ सूचीतले असून केंद्राचा तार कायदाही तेव्हा लागू होता. म्हणून २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम १३ ते १६ अवैध ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा निर्णय फिरवला. या कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारीला आळा घालणे हा आहे, तो राज्याच्या अधिकारात बसतो, आणि गाभा अधिकारात असेल तर दुसऱ्या सूचीतील विषयाला प्रसंगवशात झालेल्या स्पर्शामुळे कायदा बाद होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. केंद्रीय कायदा अस्तित्वात असूनही राज्याची तरतूद टिकल्याचे हे महाराष्ट्रातलेच ठळक उदाहरण आहे. परीक्षेत अनुच्छेद २५४ वर प्रश्न आला, तरी उत्तराची सुरुवात कायदे करण्याचे अधिकार वाटून देणाऱ्या अनुच्छेद २४६ आणि सातव्या अनुसूचीपासून करावी, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन.

प्रश्न : आमच्या भागात बैलगाडा शर्यती कित्येक वर्षे बंद होत्या आणि नंतर सुरू झाल्या. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा केंद्राचाच आहे आणि तो रद्दही झालेला नाही. मग राज्याच्या कायद्याने शर्यती कशा सुरू झाल्या? उद्या पुन्हा बंद होऊ शकतात का? (एक गाडामालक, आंबेगाव तालुका)

उत्तर : आपल्या प्रश्नात अनुच्छेद २५४ चे दोन्ही खंड आले आहेत, म्हणून तो सविस्तर घेतो.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध हा समवर्ती सूचीतील १७ व्या नोंदीचा विषय आहे. या विषयावर संसदेने १९६० मध्ये कायदा केला. त्या कायद्याखाली केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये अधिसूचना काढून, खेळ-प्रदर्शनासाठी ज्यांना शिकवता वा वापरता येत नाही अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. दुसरीकडे तमिळनाडू विधानसभेने २००९ मध्ये जल्लीकट्टू या तिथल्या बैलांच्या पारंपरिक खेळाचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा केला होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, बैलाच्या वेदना टाळणे हा केंद्रीय कायद्याचा हेतू आहे आणि जल्लीकट्टूला मान्यता देणारा राज्याचा कायदा त्याच्या थेट विरोधात जातो, म्हणून अनुच्छेद २५४ (१) खाली तो शून्य आहे. तमिळनाडू, महाराष्ट्र किंवा देशात अन्यत्र जल्लीकट्टूसाठी वा बैलगाडा शर्यतींसाठी बैल वापरता येणार नाहीत, हेही त्याच निकालात स्पष्टपणे लिहिले होते. शर्यतींचे घाट ओस पडले ते या निकालानंतर.

राज्यांना यातून वाट मिळाली ती अनुच्छेद २५४ च्या दुसऱ्या खंडात. समवर्ती विषयावर राज्याने केलेला कायदा संसदेच्या आधीच्या कायद्याच्या विरोधात जात असला, तरी ते विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले गेले आणि त्यास राष्ट्रपतींची अनुमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा प्रभावी ठरतो. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांनी २०१७ मध्ये ही वाट धरली. या वेळी त्यांनी वेगळा कायदा न करता १९६० च्या केंद्रीय कायद्यातच आपापल्या राज्यापुरती दुरुस्ती केली. महाराष्ट्र विधानमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये विधेयक मंजूर केले आणि जुलैमध्ये त्यास राष्ट्रपतींची अनुमती मिळाली.

तरीही शर्यती लगेच सुरू झाल्या नाहीत, याची आठवण आपल्याला असेलच. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथून अंतरिम दिलासा मिळायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. हा विषय समवर्ती सूचीतल्या १७ व्या नोंदीतच बसतो, दुरुस्तीनंतर आणि नियमांसह होणारा खेळ २०१४ च्या निकालासमोर असलेल्या खेळापेक्षा वेगळा आहे, आणि राष्ट्रपतींच्या अनुमतीमुळे विरोधाचा दोष राहिलेला नाही, असे घटनापीठाने म्हटले.

यातून आपल्याला तीन गोष्टी लक्षात ठेवता येतील. मिळालेली सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. शेजारच्या ज्या राज्याने अशी दुरुस्ती केलेली नाही, तिथे आपला गाडा पळवताना महाराष्ट्राचा कायदा दाखवून उपयोग नाही. दुसरे असे की, दुरुस्तीने नियमांच्या चौकटीतली शर्यत वाचवली, क्रूरता वाचवलेली नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय शर्यत घेतली किंवा बारी मारताना, म्हणजे गाडा पळवताना, बैलाला टोचले-मारले, तर संरक्षण संपते आणि गुन्हा दाखल होऊ शकतो. संयोजकांनी हे मनावर घ्यावे असे मला कळकळीने वाटते, कारण न्यायालयाने हा खेळ मान्य केला आहे तो नियम पाळले जातील या गृहीतावर. तिसरी गोष्ट आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे : होय, बंद होऊ शकतात. अनुच्छेद २५४ (२) च्या परंतुकाने, म्हणजे त्याला जोडलेल्या अटीने, संसदेला त्याच विषयावर केव्हाही नवा कायदा करण्याचा, आणि अनुमती मिळालेला राज्याचा कायदा बदलण्याचा किंवा थेट रद्द करण्याचाही अधिकार राखून ठेवला आहे.

प्रश्न : महाराष्ट्राने गृहनिर्माणाचा स्वतःचा कायदा आधीच केला होता, त्याला राष्ट्रपतींची मंजुरीही होती, असे आमच्या सोसायटीतील एक ज्येष्ठ सदस्य सांगतात. मग आपल्याकडे केंद्राचा रेरा कसा लागू झाला? (एक सदनिकाधारक, ठाणे)

उत्तर : आपल्या ज्येष्ठ सदस्यांची माहिती बरोबर आहे. महाराष्ट्र गृहनिर्माण (विनियमन व विकास) अधिनियम, २०१२ हा राज्याचा कायदा होता आणि त्यास २०१४ मध्ये राष्ट्रपतींची अनुमती मिळाली होती. वर ज्या परंतुकाचा उल्लेख केला, त्याचा वापर कसा होतो हे या कायद्याच्या बाबतीत अगदी स्वच्छ दिसते. संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, केला आणि त्याच्या ९२ व्या कलमात एकच वाक्य लिहिले : महाराष्ट्राचा २०१२ चा कायदा याद्वारे रद्द करण्यात येत आहे. संसदेच्या कायद्यात एका राज्याच्या कायद्याचे नाव घेऊन तो मोडीत काढल्याचे असे उदाहरण सहसा पाहायला मिळत नाही. केंद्रीय कायद्याची प्रमुख कलमे १ मे २०१७ पासून लागू झाली आणि त्याखालील राज्याचे प्राधिकरण म्हणजे आपले महारेरा.

इथे वाचकांनी आणखी एक बारकावा पाहावा. १९६३ चा महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा, म्हणजे मोफा, मात्र रेराने रद्द केला नाही. आपल्या तरतुदी इतर कायद्यांच्या जोडीला असतील, असे रेराच्या ८८ व्या कलमात म्हटले आहे. त्यामुळे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने करून दिली नाही तरी मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी, सोसायट्या आजही मोफाखाली अर्ज करतात. सगळेच जुने कायदे पुसायचे की एखादाच, हे संसद त्या त्या वेळी ठरवते.

नाव न घेताही असाच परिणाम होऊ शकतो. १९४७ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांताने जीवनावश्यक पुरवठ्याच्या केंद्रीय कायद्यातील तीन वर्षांची कमाल शिक्षा आपल्या कायद्याने सात वर्षांवर नेली होती, आणि त्यासाठी गव्हर्नर जनरलची अनुमती घेतली होती. पुढे १९५० मध्ये संसदेने मूळ कायद्यातील शिक्षेची तरतूदच नव्याने लिहिली. त्यानंतर परवान्याशिवाय १५ मण ज्वारी नेल्याबद्दल एका माणसावर खटला झाला. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांनी त्याला दोषी ठरवले. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा या दंडाधिकाऱ्यांना चालवताच येत नाही, म्हणून मुंबईचा कायदा जिवंत आहे असे धरून माझी सुटका करा, असा त्याचा युक्तिवाद होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. संसदेने त्याच विषयावर नंतर कायदा केल्यामुळे मुंबईची तरतूद गळून पडली आहे, असे न्यायालय म्हणाले. झवेरभाई अमैदास खटला म्हणून ओळखला जाणारा हा निकाल आजही जवळजवळ प्रत्येक अशा प्रकरणात वाचला जातो.

दिवाळखोरीच्या क्षेत्रातही हेच घडले. अडचणीतल्या उद्योगांना कर्जफेडीतून तात्पुरती सूट देणारा महाराष्ट्राचा १९५८ चा कायदा पुढे करून एका कंपनीने बँकेची कारवाई थांबवण्याचा प्रयत्न केला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संसदेची २०१६ ची दिवाळखोरी संहिताच प्रभावी असल्याचे ठरवले.

याच्या पुढचा प्रश्न असा की, राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्यासारखाच असेल तर? पश्चिम बंगालने २०१७ मध्ये रेरा न स्वीकारता जवळजवळ त्याच शब्दांत स्वतःचा कायदा केला आणि राष्ट्रपतींची अनुमती घेतली नाही. दोन्ही कायदे सारखेच आहेत, मग विरोध कुठे आला, असे राज्याचे म्हणणे होते. ४ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरवला. संसदेने ज्या क्षेत्रावर परिपूर्ण व्यवस्था उभी केली आहे, तिथे तेवढीच जागा व्यापणारी दुसरी व्यवस्था उभी करणे हाही विरोधच आहे, आणि एका व्यवस्थेखाली जे करावे ते दुसरीखाली करता येत नाही इतका थेट संघर्ष दाखवण्याची प्रत्येक वेळी गरज नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य. तोवर त्या कायद्याखाली झालेल्या नोंदण्या आणि आदेश मात्र न्यायालयाने वाचवले, हे घर घेणाऱ्यांच्या दृष्टीने फार आवश्यक होते.

प्रश्न : आमची इमारत एका सरकारी महामंडळाच्या मालकीची आहे. भाडेकरूंना राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असताना आम्हाला सार्वजनिक जागा कायद्याखाली नोटीस आली आहे. भाडे कायद्याला तर राष्ट्रपतींची अनुमती होती ना? (एक भाडेकरू, मुंबई)

उत्तर : अनुमती होती. तेवढ्याने काम भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २००२ मध्ये कैसर-ए-हिंद प्रकरणात सांगितले आहे. ते प्रकरणही मुंबईतलेच होते आणि समोर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ होते. मुंबई भाडे कायद्याची मुदत वेळोवेळी वाढवली जात असे आणि त्या विधेयकांना राष्ट्रपतींची अनुमती घेतली जात असे. पण अनुमती मागताना राज्याने मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि इलाखा शहर लघुवाद न्यायालय कायदा यांच्याशी असलेला विरोध दाखवला होता. सरकारी जागांतील अनधिकृत कब्जेदारांना हटवण्याच्या १९७१ च्या सार्वजनिक जागा कायद्याचा उल्लेखच नव्हता. राष्ट्रपतींनी ज्या केंद्रीय कायद्याचा विचार केला, त्याच्यापुरतीच अनुमती कामाला येते, असे बहुमताने ठरले आणि सार्वजनिक जागांच्या बाबतीत केंद्रीय कायदा वरचढ राहिला.

आपल्या नोटिशीचे काय होईल, हे इमारत महामंडळाकडे केव्हा आली आणि आपली भाडेकरारी केव्हापासूनची आहे, या तारखांवर अवलंबून राहील, आणि त्या तारखा घेऊनच वकिलांकडे जावे. मला इथे मंत्रालयातल्या मसुदाकारांविषयीही बोलावेसे वाटते. पत्रात एका कायद्याचे नाव राहून गेले, तर त्याची किंमत वीस-तीस वर्षांनी चाळीतल्या कुटुंबांना मोजावी लागते. विधेयक दिल्लीला पाठवताना विरोधाची शक्यता असलेल्या प्रत्येक केंद्रीय कायद्याचा, कलमांसह, उल्लेख करणे हे राज्याचे कर्तव्यच मानले पाहिजे.

प्रश्न : गोव्यात वारसाहक्कासाठी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होत नाही, पोर्तुगीजांचा कायदा चालतो. राष्ट्रीय कायदा श्रेष्ठ असेल तर हे कसे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : कारण ही व्यवस्था खुद्द संसदेच्या कायद्याने टिकवली आहे. गोवामुक्तीनंतर संसदेने १९६२ मध्ये गोवा, दमण व दीव प्रशासन कायदा केला आणि त्याच्या पाचव्या कलमाने तिथे आधीपासून लागू असलेले कायदे, सक्षम विधानमंडळ ते बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत, चालू ठेवले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अशी भारतीय कायद्याचा भाग झाली. म्हणजे इथे एका बाजूला केंद्र आणि दुसऱ्या बाजूला राज्य असा सामनाच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. त्या प्रकरणातली मालमत्ता मुंबईत होती आणि मालक गोव्याचा रहिवासी होता. मालमत्ता गोव्याबाहेर असली, तरी गोवेकराच्या वारसाहक्काला हीच संहिता लागू होते आणि मुलांचा राखीव अर्धा हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुणे-मुंबईत घर घेतलेल्या गोवेकर कुटुंबांनी मृत्युपत्र करण्याआधी हा निकाल आपल्या वकिलांकडून अवश्य समजून घ्यावा. वारसाहक्काविषयीचा भाग आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या स्वतंत्र कायद्यात आला आहे.

प्रश्न : साखर कारखान्यांच्या मद्यार्कावर राज्याचा अधिकार की केंद्राचा? उद्योगावर केंद्राने नियंत्रण घेतले की राज्याकडे काय उरते? (एक सभासद, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : ‘मादक मद्य’ ही राज्य सूचीतील आठवी नोंद आहे. औद्योगिक मद्यार्क तिच्यात येत नाही, असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने पूर्वी म्हटले होते आणि त्यामुळे त्यावर नियंत्रण वा कर बसवण्याची राज्यांची वाट बंद झाली होती. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने तो निकाल बदलला. औद्योगिक मद्यार्कही या नोंदीत येतो, आणि केंद्राने एखादा उद्योग आपल्या नियंत्रणाखाली असल्याचे जाहीर केल्याने राज्य सूचीतला विषय राज्याच्या हातून काढून घेता येत नाही, असे बहुमताने सांगितले. हा निकाल राज्यांच्या अधिकारांच्या दृष्टीने अलीकडच्या काळातला अतिशय मोलाचा आहे.

राज्य सूचीतील विषयावर संसदेला कायदा करण्याचे मोजके मार्ग संविधानातच दिले आहेत. राज्यसभेचा दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव, आणीबाणी, आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी आणि दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून केलेली विनंती हे त्यांतले प्रमुख होत. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ मध्ये या शेवटच्या मार्गाने आला. संसदेने १९९९ मध्ये तो मागे घेतला तरी महाराष्ट्रात तो चालूच राहिला, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये आपल्या विधानमंडळाने निरसनाचा कायदा स्वीकारला तेव्हा कुठे तो संपला. एकदा संसदेला विनंती केली की, त्या कायद्याला परस्पर हात लावण्याची मुभा राज्याला राहत नाही.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सी येथे कामाच्या व्हिसावर आहे. इथे राज्याने गांजाची विक्री कायदेशीर केली आहे. दुकाने उघडपणे चालतात. तरीही व्हिसाधारकांनी दूर राहावे असे सांगितले जाते. अमेरिकेत राज्याचा कायदा चालत नाही का? (एक वाचक)

उत्तर : चालतो, पण केंद्रीय कायद्याला अडवू शकत नाही. अमेरिकी संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात संघराज्याचे संविधान आणि त्यानुसार केलेले कायदे हा देशाचा सर्वोच्च कायदा असल्याचे म्हटले आहे. न्यूयॉर्क राज्याने हडसन नदीवरील वाफेच्या बोटींचा मक्ता दिला होता. १८२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो याच आधारावर, केंद्रीय परवान्यापुढे, टिकू दिला नाही.

गांजा १९७० च्या केंद्रीय नियंत्रित पदार्थ कायद्यात येतो. कॅलिफोर्नियाने औषधी वापराला परवानगी दिली असली तरी केंद्राला तो कायदा लागू करता येतो, असा निकाल २००५ मध्ये झाला. मग न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून दुकाने कशी चालतात? तर, आपला कायदा राज्याच्या पोलिसांकडून राबवून घेण्याची सक्ती केंद्राला राज्यावर करता येत नाही, हे तत्त्व तिथल्या न्यायालयाने १९९७ च्या निकालात ठामपणे मांडले आहे. राज्याने स्वतःची बंदी उठवली, की राज्याचे पोलीस पकडत नाहीत. केंद्राची बंदी मात्र जागच्या जागी असते. व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे सर्व केंद्रीय कायद्याने ठरते. राज्यात कायदेशीर असले तरी गांजाशी संबंधित वर्तन नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकते, असे तेथील नागरिकत्व विभागाने २०१९ मध्येच लेखी स्पष्ट केले आहे. म्हणून आपल्याला मिळालेला सल्ला योग्य आहे. दुकानात नोकरी किंवा भागीदारी करण्याचा विचार असेल, तर त्यापासूनही दूर राहावे.

प्रश्न : राष्ट्रपतींकडे पाठवलेले विधेयक वर्षानुवर्षे पडून राहिले तर राज्याने काय करायचे? (एक निवृत्त शिक्षक, संगमनेर)

उत्तर : या व्यवस्थेतली खरी अडचण हीच आहे. अनुच्छेद २०१ नुसार राष्ट्रपती अनुमती देतात, ती रोखून ठेवतात, किंवा विधेयक फेरविचारासाठी परत पाठवण्यास सांगतात. परत आलेल्या विधेयकावर विधानमंडळाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा असतो, पण राष्ट्रपतींना मात्र कोणतीही मुदत नाही. महाराष्ट्राने १९९५ मध्ये मंजूर केलेल्या पशुसंरक्षण सुधारणा विधेयकाला अनुमती मिळाली ती २०१५ मध्ये. विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेले, महिला व बालकांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक अनुमतीच्या प्रतीक्षेत असताना, ज्या भारतीय दंड संहितेत ते दुरुस्ती करणार होते ती संहिताच १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तमिळनाडूच्या प्रकरणात राष्ट्रपतींसाठी तीन महिन्यांची कालमर्यादा घालून दिली. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचे मत मागवले. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मत दिले की, संविधानात नसलेली कालमर्यादा न्यायालयाला घालता येत नाही, आणि मुदत उलटली म्हणून अनुमती मिळाली असे मानताही येत नाही. राज्यपालांनी कारणाविना दीर्घकाळ काहीच केले नाही, तर निर्णय घ्या एवढा मर्यादित आदेश देता येईल, असेही पीठाने सांगितले.

न्यायालयाचा अर्थ मान्य करूनही मला वाटते की, अनुमती नाकारताना त्याची कारणे विधानमंडळाला लेखी कळवण्याची पद्धत केंद्राने स्वतःहून पाळावी. निवडून आलेल्या सभागृहाने मंजूर केलेला मसुदा का थांबला, हे मतदारांना कळायलाच हवे. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, गृह मंत्रालयाने ठरवले तरी पुरे आहे.

प्रश्न : राज्याच्या एखाद्या कायद्याला राष्ट्रपतींची अनुमती आहे की नाही, हे सामान्य माणसाने कसे पाहावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कायद्याची शासकीय प्रत काढावी आणि शीर्षकाच्या खालची कंसातली ओळ वाचावी. ‘राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यानंतर महाराष्ट्र शासन राजपत्रात अमुक दिनांकास प्रथम प्रसिद्ध’ अशा आशयाचा मजकूर असेल, तर अनुमती आहे. ‘राज्यपालांची अनुमती’ असे लिहिले असेल, तर त्या कायद्याला अनुच्छेद २५४ (२) चे संरक्षण मिळणार नाही. मूळ कायद्याला अनुमती असली, तरी नंतरच्या प्रत्येक दुरुस्ती कायद्याची ही ओळ वेगळी तपासावी. अनुमती कोणत्या केंद्रीय कायद्यांच्या संदर्भात मागितली होती, हे मात्र राजपत्रात नसते. त्यासाठी राज्याच्या विधी व न्याय विभागाकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करून केंद्राला पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत मागावी लागते.